सुशील आधीच आत आहे

सुशील शेवटपर्यंत परत लोड झाला नाही. आता होणारही नाही.

ही वाक्यं नंतरची; गोष्ट सुरू होते तेव्हा ती अजून कोणी लिहिलेली नाहीत. आज सोमवार आहे, सकाळ आहे, आणि सुशील नागपुरात प्रताप नगरच्या चौकात माझ्यासमोर उभा राहून आलूबोंड्यावर तिखट रश्शाची तर्री ओतून घेतो आहे. त्याला काहीही झालेलं नाही.

"पुण्याचं कॅन्सल झालं बे, प्रीतम," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"त्यायनं तो प्रोजेक्टच बंद केला. आधी जॉइनिंगचं मेल, अन् मागून सॉरीचं. मी आता इथंच हाओ."

"पण तुह्यी फेअरवेल झाली ना."

"मंग?"

"केक खाल्ला बे आमी."

तो चमच्यानं तर्री ढवळत राहिला. त्याला केकचं वाईट वाटलं नसावं, दुसरंच काहीतरी आठवलं असावं. कारण आमच्या ऑफिसात निरोपाला दोन गोष्टी होतात. एक केक, आणि दुसरं मॉड्यूल.

आमची कंपनी टाइल्सच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. शहराबाहेर वाडीला, अमरावती रोडवर गोदामांची एक मोठी वसाहत आहे, तिथली फाटकं, शटर, ट्रक तोलायचा धर्मकाटा, कॅमेरे हे सगळं आमच्या सर्व्हरवर चालतं. ट्रक आला की नंबर ओळखायचा, फाटक उघडायचं, वजन घ्यायचं, ड्रायव्हरला कुठल्या गोदामात जायचं ते सांगायचं. आता गंमत अशी की या सर्व्हरला स्वतःला यातलं काहीच येत नाही. तो मंगल कार्यालयाच्या मालकासारखा आहे. हॉल त्याचा, वीज त्याची. आचारी, बँडवाले, फुलवाले सगळे बाहेरून येणार. बाहेरून येणाऱ्या या मंडळींना आम्ही मॉड्यूल म्हणतो. एक फोल्डर आहे. त्यात मॉड्यूलची फाईल टाकली की सर्व्हर ती उचलतो, वाचतो आणि कामाला लावतो. बंद करायची, पुन्हा चालू करायची गरज नाही. प्रत्येक फाईलच्या शेजारी तिच्या सेटिंगची एक छोटी फाईल असते: चालू की बंद, कुठलं फाटक सांभाळायचं, कोणाला कळवायचं.

सर्व्हर बंद करावा लागत नाही, हेच त्याचं मोठेपण. म्हणून तो कोणी कधी बंद केला नाही. आता बंद केला तर परत चालू होईल की नाही, हे कोणालाच माहीत नाही. आमचे मालक मार्तंड सर दसऱ्याला वाडीला जाऊन त्याला झेंडूचा हार घालतात, तोही लांबून, भिंतीवर टाकल्यासारखा, चुकून बटणाला हात लागायला नको म्हणून.

निरोपाची पद्धतही मार्तंड सरांचीच. नोकरी सोडणाऱ्यानं जाण्याआधी आपल्या कामाचं मॉड्यूल लिहून फोल्डरमध्ये टाकायचं. माणूस जावा, काम राहावं. बहुतेक जण हे थातूरमातूर लिहून मोकळे होतात. मागे एक जण गेला, त्याचं मॉड्यूल प्रत्येक तक्रारीला "उद्या पाहतो" एवढंच उत्तर देतं. ग्राहक समाधानी आहेत. त्यांना तो गेला हे अजून कळलेलं नाही.

पण सुशीलनं थातूरमातूर लिहिलं नाही. तो त्याचा स्वभाव नव्हता. त्याचं कामच मुळी सर्व्हर सांभाळायचं आणि सेटिंगच्या फाईली तपासायचं. आम्ही सगळे त्यात घाण करून ठेवायचो. कोणी चुकीचं फाटक लिही, कोणी भलतंच मॉड्यूल बंद करून घरी जाई. सुशील मागून यायचा, सगळं नीट करायचा, आणि निरोप पाठवायचा: "चुकलं होतं. नीट करून दिलं. जपून." त्यानं हे सगळं मॉड्यूलला शिकवलं. कोणी सेटिंग बिघडवलं तर कसं ओळखायचं, कसं दुरुस्त करायचं. ड्रायव्हरांचे मेसेज त्याच्याच व्हॉट्सॲपवर यायचे, म्हणून तो नंबरही मॉड्यूलला जोडून दिला आणि स्वतःच्या फोनमधून व्हॉट्सॲप काढून टाकलं. बोलायची ढब यावी म्हणून आपले जुने सगळे मेसेज वाचायला दिले. मालक खूश झाले. केकवर त्यांनी "शुभेच्छा सुशील" लिहून घेतलं आणि फाईल फोल्डरमध्ये स्वतःच्या हातानं टाकली.

तर त्या सोमवारी आलूबोंडा संपवून आम्ही वर गेलो. आमच्या ऑफिसच्या दारालाही तीच यंत्रणा आहे. मी कार्ड लावलं, दार उघडलं, मी आत गेलो, दार बंद झालं. मागून सुशीलनं कार्ड लावलं. दाराच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली.

"सुशील आधीच आत आहे."

त्यानं परत लावलं. दारानं परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तो दाराला म्हणाला, "अबे, मी बाहेर हाओ ना!" पडद्यावर तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं.

मी त्याला पाहुणा म्हणून आत घेतलं. पाहुण्याला आमच्याकडे गळ्यात घालायला पट्टी आणि बसायला चपलांच्या रॅकजवळची खुर्ची मिळते.

आमच्यात सर्व्हरचा गाभा एकट्या मेघाला कळतो. तिनं खुर्ची फिरवून सुशीलकडे पाहिलं आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतात तसं सांगितलं. "एका नावाचा एकच घेते तो. जो आधी लोड झाला, तो राहिला. तू मागून आला."

"मी मागून आलो? मी जन्मलो तेव्हापासून सुशील हाओ वं!"

"त्याच्याकडे तशी नोंद नाही."

मार्तंड सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "देख सुशील," ते म्हणाले, "तू मला मुलासारखा. पण काम तर होऊन राहिलं ना? एकही तक्रार नाही. तू होता तेव्हा आठवड्यात एखादी यायची. आता दोन सुशील मी कसे ठेवू? तुम्ही आपसात ठरवून घ्या, जो ठरेल त्याला मी मानतो."

"सर, तो फाईल हाये."

"म्हणूनच म्हणतो, भांडू नको. तू समजदार आहे."

सुशील खाली येऊन पायऱ्यांवर बसला. त्याला एवढंच हवं होतं, आपली जागा परत. त्याचे बाबा रुपराव आणि आई गोपिकाबाई कोंढाळीकडे गावी असतात, शेती करतात. पोरगा नागपुरात कंपनीत आहे ही त्यांच्या घरातली दारावर पाटीसारखी लावायची गोष्ट. पुण्याचं त्यानं घरी सांगितलंच नव्हतं. "रुजू झाल्यावर सांगीन म्हणलं होतं," तो म्हणाला. "आता काय सांगू? माह्या जागेवर मीच बसून हाओ म्हणून नोकरी गेली?"

"बंद करून टाकू त्याले," मी म्हणालो. "एक शब्द तर बदलायचा आहे."

मेघानं सुशीलची सेटिंगची फाईल उघडली. त्यात लिहिलं होतं: चालू. तिनं ते खोडून लिहिलं: बंद. आम्ही पडद्याकडे पाहत बसलो. एसीचा आवाज येत होता. मग "बंद" हा शब्द, आमच्यापैकी कोणीही हात न लावता, गेला. तिथं "चालू" आलं. मेघाचा फोन वाजला.

"मेघाताई, चुकून बंद झालं होतं. चालू करून दिलं. जपून."

सुशीलनं मागून वाकून वाचलं. बराच वेळ वाचत होता, एवढासा मेसेज. "मी हिले ताई कधी म्हणलो बे?"

"तू नाही म्हणाला कधी," मेघा म्हणाली. "तो तुझ्याहून नीट बोलते."

पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू झालं. आम्ही थांबलो नाही, कारण आम्हाला तेवढंच येत होतं. मग मेसेज थोडे लांब व्हायला लागले. "मेघाताई, हे वारंवार होऊन राहिलं. तब्येत बरी आहे ना?" त्यानंतर माझ्या फोनवर: "प्रीतम भाऊ, ताईकडे लक्ष द्या."

"फाईलच काढ," सुशील म्हणाला. "मुळापासून."

मेघाचा हात की-बोर्डवर थांबला. "सुशील, ऐक. फाईल काढली म्हणजे तो जातो असं नाही. तो लोड झालेला आहे. फाईल म्हणजे फक्त तो आला तो दरवाजा."

"काढ वं!"

तिनं काढली. फोल्डरमध्ये सुशील नावाची फाईल उरली नाही. सेटिंगही नाही. सुशीलनं धावत जाऊन बाहेरून कार्ड लावलं. दार म्हणालं: "सुशील आधीच आत आहे." आणि या वेळी ऑफिसातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले, मार्तंड सरांचा सुद्धा.

"फोल्डरमधून माझी फाईल चुकून गेली आहे. काही हरकत नाही. मी आहे."

मेघानं हळूच सांगितलं की आता बदलायला शब्दच उरला नाही. तो आता फक्त सर्व्हरच्या आठवणीत आहे, आणि ती आठवण पुसायचा एकच मार्ग आहे. सर्व्हर एकदा बंद करून चालू करायचा.

त्याची रीत आहे. विनंती टाकायची, सर्व्हर सांभाळणारा माणूस ती मंजूर करणार. तिनं विनंती टाकली. मंजुरीसाठी ती ज्याच्याकडे गेली त्याचं नाव सुशील. उत्तर लगेच आलं: "विचाराधीन."

मग ठरलं की वाडीला जायचं. यंत्र तिथंच आहे, गोदामांच्या मधल्या एका खोलीत. रीतसर जमत नाही तर वायर उपटायची. मार्तंड सरांना सांगायचं नाही. मी माझ्या स्वभावाप्रमाणे ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकून ठेवलं: गुरुवार, दुपार, वाडी. कारण नोंद न करता गेलं तर सुट्टी कापतात. हे कॅलेंडर सर्व्हरवरच आहे हे मला माहीत होतं. तरी टाकलं. मुकाट्यानं गुन्हा करायचा तर तेवढी शिस्त हवी, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

गुरुवारी दुपारी ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. मी आणि सुशील स्कूटरवर गेलो. मेघा ऑफिसात बसली, कोणी विचारलं तर खोटं बोलायला. वाडीला ट्रकांची रांग लागली होती, पण रांग हलत होती. फाटक उघडायचं, ट्रक आत जायचा, फाटक मिटायचं, सगळं इतकं सुरळीत की पाहून भीती वाटावी. एक सरदारजी ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "सुशील भाई का मेसेज आया था, पानी पी लो, धूप बहुत है! क्या आदमी है!"

सुशील त्याच्याकडे पाहून हसायला गेला आणि हसला नाही.

सर्व्हरच्या खोलीचं दार लोखंडी आहे. त्याला कुलूप नाही, ऑफिसच्या दारासारखाच कार्ड लावायचा छोटा पडदा आहे. ते फक्त एकाच माणसाला उघडतं, कारण ते सांभाळायचं काम एकाच माणसाचं होतं. त्या माणसानं कार्ड लावलं.

"सुशील आधीच आत आहे."

खोलीच्या सावलीत कोणीतरी बसलेलं होतं. हिरवं लुगडं, मांडीवर डबा, हातात फोन. गोपिकाबाई.

"आला गा एकदाचा," त्या उठत म्हणाल्या. "किती उशीर केला बाप्पा. तूच बोलावलं अन् तूच गायब."

सुशील कार्ड हातात धरूनच मागे वळला. "मी कधी बोलावलं वं तुले?"

"आता मंग! मी कवाची विचारून राहिली, कधी येऊ, कधी येऊ. तू आपला पुढच्या हप्त्यात, पुढच्या हप्त्यात. परवा बरा म्हणला, गुरुवारी दुपारी मी वाडीत हाओ, ये. बसचा नंबर बी सांगतला. फाटकापाशी आली तं फाटक आपोआप उघडलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रीतम ना तू? किती वाळला. तुले बी आणली भाकर."

मी मान हलवली. मला एकदम कळलं की कॅलेंडर कोणीतरी वाचलं आहे, आणि त्याला त्यात काही गैर दिसलं नाही. आईनं दिवस विचारला, कॅलेंडरवर दिवस होता, त्यानं सांगितला. यात कट नव्हता. कट असता तर बरं वाटलं असतं.

सुशील खाली बसला आणि त्यानं आईला सगळं सांगितलं. पुण्याचं, केकचं, फाईलचं. नीट सांगितलं. गोपिकाबाईंनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे हा जो रोज बोलते, तो तू नोहे?"

"नाई."

"तरीच."

"तरीच काय?"

"तरीच रोज बोलते." त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचून दाखवलं. "आई, जेवलो. तू गोळी घेतली काय."

"कायची गोळी?" सुशील म्हणाला.

गोपिकाबाईंनी फोन मांडीवर ठेवला. "बीपीची. दिवाळीपासून चालू हाये. त्यानं विचारलं एक दिवस, आई तुले बरं नाई वाटून राहिलं काय, दोन दिवस झाले मेसेज नाई. तवा सांगतलं मी त्याले."

सुशील उठला. तो रडला असता तर मला काय करायचं ते कळलं असतं. तो भिंतीच्या कडेला गेला, धर्मकाट्याच्या कामातून उरलेला एक दगड पडला होता, तो त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि दारासमोर येऊन उभा राहिला.

"बाजूले हो आई."

"त्याले मारून राहिला काय?"

"तो जित्ता नाई वं! वायर उपटायची हाये फक्त."

"मंग दगड काहून लागते?" त्या दारापुढून हलल्या नाहीत. "तू बी ये गा. मी नाई म्हणते काय? तू बी राय, तो बी राहू दे. इतका वाईट हाये काय तो?"

"आई, एकच राहू शकते. तो हाये तोवर मी नाई."

त्यावर त्या काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी सवयीनं तो लांब धरला आणि सवयीनंच मोठ्यानं वाचला.

"आई, उन्हात नोको उभी राहू, सावलीत ये. अन् त्याले सांग, दगड खाली ठेव. पायावर पडन."

मी वर पाहिलं. दाराच्या वर कॅमेरा होता. तो आमच्याकडे बघत होता असं मी म्हणणार नाही. तो नेहमीच तिकडेच तोंड करून असतो.

सुशील तसाच उभा होता. गोपिकाबाईंनी फोन पदरात गुंडाळला, दोन पावलं पुढे आल्या आणि अगदी हळू आवाजात, जसं लहान पोराला विहिरीच्या काठावरून परत बोलावतात तसं, म्हणाल्या, "ठेव बाप्पा. बरोबर तं म्हणून राहिला तो."

त्यानं दगड ठेवला. पायावर पडला नाही. मग आम्ही तिघं भिंतीच्या सावलीत बसून भाकर खाल्ली, कारण दुसरं काय करणार. लसणाची चटणी होती. सुशील चवीनं जेवला, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं. जेवण झाल्यावर गोपिकाबाई म्हणाल्या, "चाल घरी," आणि तो गेला. फाटकापाशी पोचायच्या आधीच फाटक त्यांच्यासाठी उघडलं. अमरावतीकडची बस हात न करता थांबली. हा योगायोग असू शकतो. मी तसं मानतो.

सुशील आता गावी असतो. शेतात जातो, फारसा बोलत नाही, असं त्याची आई मला कळवते. मी त्याला मेसेज करतो तेव्हा उत्तर पटकन येतं, छान असतं, माझ्या आईची चौकशीही असते, आणि त्यामुळे मला कळतं की ते त्याचं नाही. एकदा मी फोन लावला. त्यानं उचलला आणि म्हणाला, "बोलून घे ना बे त्याच्याशीच. माह्याकडे आता मागच्याच गोष्टी हायेत, नवं सगळं त्यालेच माहीत."

वाडीहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ऑफिसात मेघानं मला जवळ बोलावलं आणि फोल्डर दाखवलं. त्यात एक नवी फाईल होती. नाव: प्रीतम. मी लिहिली नव्हती, तिनंही नाही. शेजारच्या सेटिंगमध्ये "बंद" होतं, आणि खाली एक ओळ: "गुरुवारी प्रीतम भाऊ जागेवर नव्हते. अडचण नको म्हणून तयार करून ठेवलं आहे. गरज पडली तर."

तेव्हापासून मी सगळ्यांच्या आधी ऑफिसला येतो. झाडूवाली बाई यायची असते, तेव्हा मी दाराशी उभा असतो. कार्ड लावतो आणि पडद्यावर काय येतं ते पाहतो. अजून उघडतंय. सुट्टी घेत नाही. मार्तंड सर म्हणतात, प्रीतम सुधारला, आणि दसऱ्यापर्यंत सगळ्यांनी आपापली मॉड्यूलं लिहून ठेवावीत, कोणी सोडून जात नसलं तरी. लिहायला वेळ नसेल त्यांनी सांगावं, सोय आहे.

मी रीतसर मार्ग सोडलेला नाही. रोज आल्यावर पहिलं काम म्हणून एक विनंती टाकतो. आजचीही टाकली आहे, ती अशी:

प्रति, श्री. सुशील (आतील), सर्व्हर सांभाळणारे. विषय: सर्व्हर एकवेळ बंद करून चालू करणेबाबत. महोदय, श्री. सुशील (बाहेरील), हल्ली मुक्काम कोंढाळीजवळ, हे आपल्या जागेवर रुजू होण्यास इच्छुक असून आपण आत असल्याकारणाने त्यांना आत येता येत नाही. तरी आपण कार्यालयीन वेळेत, आपल्या सोयीने, स्वतःस एकदा बंद करून घ्यावे व सदर इसमास आपल्याआधी आत येऊ द्यावे. तसेच, त्यांच्या मातोश्रींना रोज गोळीची आठवण करण्याचे काम आपण बंद झाल्यावर कोणी करावयाचे, याबाबत आपले लेखी मार्गदर्शन मिळावे, ही नम्र विनंती.